नांदूर मध्यमेश्वरचा फोटोग्राफी वॉक : लेन्स, गाइड आणि पाणी

प्रश्न थोडक्यात असा : पुण्याहून डिसेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गाइडसोबतच्या फोटोग्राफी वॉकला जायचं आहे. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स जवळ आहे. पक्ष्यांसाठी १५०-६०० भाड्याने घ्यावी का, गाइडची खरंच गरज असते का, आणि दहा वर्षांच्या मुलीला सोबत न्यावं का?

लेन्सचं आधी सांगतो, कारण बहुतेकांचं मन तिथेच अडकलेलं असतं. पहिल्या खेपेला मोठी लेन्स भाड्याने घेऊ नका. ते पैसे निफाड परिसरात एक रात्र मुक्काम करण्यात घाला, म्हणजे एकाऐवजी दोन सकाळी हाती लागतील. गाइड मात्र घ्याच, आणि तो पाण्याकाठच्या चापडगाव-मांजरगाव भागातलाच घ्या. पाणथळ जागेत फोटो बराचसा आधीच ठरलेला असतो : त्या दिवशी पाणी किती आहे, वारा कुठून आहे आणि तुम्ही कुठे बसला आहात. या तिन्ही गोष्टी तिथल्या माणसाला ठाऊक असतात. लेन्सने त्या बदलत नाहीत.

पाण्यापासून सुरुवात करतो. नांदूर मध्यमेश्वर हा काही नैसर्गिक तलाव नव्हे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला गेला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि उथळ पाणी, चिखलाची बेटं, पाणकणसाची, म्हणजे उंच पाणगवताची, रानं तयार झाली. पक्षी या उथळपणासाठी येतात. खोल, स्वच्छ, निळं पाणी बघायला छान. पण लांब पायांच्या शेकाट्याला किंवा चपट्या चोचीच्या चमचा पक्ष्याला तिथे उभंही राहता येत नाही. १९८६ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्याची घोषणा झाली. अभयारण्य कागदावर सुमारे १०० चौरस किलोमीटरचं आहे. त्यात गावं, ऊस, द्राक्षबागा सगळं आलं. रामसर क्षेत्र आहे १,४३७ हेक्टर. म्हणजे तुम्ही ज्यावरून चालाल तो बांध बहुधा कुणाच्या तरी शेताचा असतो. पिकात पाय घालायचा नाही. फवारणी चालू असेल तर वळसा घ्यायचा.

हा बंधारा अजूनही कामावर आहे, हे शहरातून येणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. गंगापूर, दारणा वगैरे वरच्या धरणांचं पाणी इथे येतं आणि इथून डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव, राहाता भागात जातं. पावसाळ्यात ‘नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे विसर्ग’ ही बातमी रोज वाचता ती हीच जागा. हिवाळ्यात शेतीचं आवर्तन सुटलं की पातळी हलते. टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडतात, तेही इथूनच जातं. पातळी हातभर वाढली तरी काल उघडा असलेला चिखल आज पाण्याखाली जातो, त्यावर चरणारे छोटे पाणलावे दुसरीकडे निघून जातात आणि तुम्ही कुणाच्या तरी मागच्या आठवड्यातल्या फोटोतली जागा शोधत बसता. पाणी उतरतं तेव्हा उलट होतं. नवा चिखल उघडा पडतो आणि शेकाटे, तुतवारे, शराटी, करकोचे काठावर गोळा होतात. म्हणून गाइडला फोन कराल तेव्हा ‘फ्लेमिंगो आलेत का?’ हा पहिला प्रश्न नको. विचारा, ‘पाणी चढतंय की उतरतंय?’ आणि ‘सध्या गाळ कुठे उघडा आहे?’ ज्याला याचं उत्तर चटकन देता येतं, तो माणूस रोज पाण्यावर जातो. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसले तर दिसले, पण ते इथे दरवर्षी ठरलेल्या तारखेला येत नाहीत. त्यांच्यासाठीच जायचं असेल तर भिगवण किंवा ठाण्याची खाडी बघा.

आता वेळ. डिसेंबरच्या उत्तरार्धात इथे सूर्य सातच्या आसपास उगवतो, आणि तो अगदी पूर्वेला नाही तर बराच आग्नेयेकडे सरकलेला असतो. साडेसहाला जागेवर पोहोचायचं म्हणजे पोहोचायचं, ‘निघायचं’ नव्हे. निफाडची थंडी तुम्ही पेपरात वाचली असेल. राज्यातला नीचांक अनेकदा इथलाच असतो आणि द्राक्षबागायतदार रात्री बागांमध्ये शेकोट्या पेटवतात. बोटं बधिर झाली की शटर दाबता येत नाही, तेव्हा बोटांची टोकं उघडी राहतील असे हातमोजे आणा. कानटोपी आणा, पण मळकट रंगाची.

अशा थंडीत पाण्यावर धुकं असतं. लोक कंटाळतात, ‘अजून काही दिसत नाही’ म्हणून चहा शोधायला जातात. माझ्या मते तो अर्धा-पाऊण तास दिवसातला सगळ्यात चांगला. धुक्यात लांबचा काठ पुसला जातो, मागचे विजेचे खांब नाहीसे होतात, आणि एकटा राखी बगळा किंवा पंख पसरून वाळवत बसलेला तिरंदाज पक्षी यांची नुसती आकृती उरते. तुमची ७०-३०० इथे पुरून उरते. फक्त दोन काळज्या. धुक्यात ऑटोफोकस पुढे-मागे हिंडत बसतो, त्यामुळे मधला एकच फोकस पॉइंट ठेवा आणि पक्ष्याच्या कडेवर, जिथे काळं-पांढरं भेटतं तिथे धरा. दुसरं, कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर धुक्याला राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सोय) पाऊण ते एक स्टॉप वर घ्या.

धुकं उठल्यापासून साधारण साडेनऊपर्यंत पक्ष्यांच्या जवळच्या फोटोंची वेळ. त्यानंतर एक अडचण येते, ती नवख्यांना कुणी सांगत नाही. ऊन तापलं की चिखलावरची आणि पाण्यावरची हवा थरथरू लागते. डोळ्यांना विशेष जाणवत नाही, पण फोटोत पिसांचा तपशील लोण्यासारखा विरघळलेला दिसतो. लोक लेन्सला, फोकसला, हाताच्या थरथरीला दोष देतात. दोष हवेचा असतो. लेन्स जितकी लांब पल्ल्याची आणि पक्षी जितका दूर, तितकी जास्त हवा मध्ये येते. भाड्याने आणलेल्या ६०० चा खरा उपयोग दूरचा पक्षी जवळ आणायला होईल असं वाटतं, आणि नेमकं तेच काम दहानंतर ती करू शकत नाही.

जरा गणित मांडतो. क्रॉप सेन्सरवर ३०० मिलिमीटरला, ३० मीटरवर चौकटीत साधारण सव्वादोन-अडीच मीटर रुंदीचा भाग मावतो. थापट्या बदक अर्ध्या मीटरच्या आसपास, म्हणजे चौकटीचा पाचवा हिस्सा. थोडं क्रॉप करून सुंदर फोटो होतो. चित्रबलाक करकोचा मीटरभर उंच, तो तर आडव्या चौकटीची जवळजवळ दोन तृतीयांश उंची भरतो. ६० मीटरवर हेच बदक नवव्या-दहाव्या हिश्शाचं होतं आणि तिथे ६०० लागते हे खरं. पण ज्या गाइडला ३० मीटरची जागा माहीत आहे त्याच्यासोबत तुम्ही ३०० वर जे काढाल, ते ६० मीटरवरून ६०० ने काढलेल्यापेक्षा अनेकदा स्वच्छ असेल, कारण मधली हवा निम्मी. शिवाय ६०० ची झूम जड असते. पहिल्यांदाच हातात घेणारा माणूस उडता पक्षी चौकटीत शोधत असतो, तोवर पक्षी गावाबाहेर जातो.

आता वारा. पाणपक्षी उठतात आणि उतरतात ते वाऱ्याकडे तोंड करून. पाण्यावर बसलेलेही बहुधा वाऱ्याकडे चोच करून असतात. म्हणून सूर्य आणि वारा दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी जागा मिळाली की पक्षी तुमच्याकडे बघतात, तुमच्याच दिशेने उठतात आणि चेहऱ्यावर ऊन असतं. हिवाळ्यातल्या सकाळी वारा उत्तर-पूर्वेकडचा, हलका असेल तर पाण्याच्या पूर्वेच्या काठावरून पश्चिमेकडे बघत बसल्यावर हे जुळून येतं. संध्याकाळी ऊन पश्चिमेला जातं आणि वारा तोच राहिला, तर उजेड नीट मिळवायच्या नादात पक्ष्यांच्या पाठी पदरात पडतात. अशा संध्याकाळी सरळ उजेडाच्या विरुद्ध बसा आणि छायाकृती काढा. निरीक्षण मनोऱ्यावर सगळे एकाच बाजूला गर्दी करतात तेव्हा चिमूटभर माती वरून सोडून बघा, वारा कळेल.

वॉक म्हणजे नेमकं काय, तर नाव फसवं आहे. चांगल्या वॉकमध्ये चालणं फार कमी. पहिल्या मनोऱ्यावर किंवा बांधावर गाइड दुर्बिणीने, असला तर स्पॉटिंग स्कोपने, पूर्ण पाणी एकदा फिरून घेतो. कुठला थवा कुठे आहे, कोण चरतंय, कोण झोपलंय. मग तो तुम्हाला एखाद्या बाभळीच्या किंवा पाणकणसाच्या आडोशाला बसवतो. आणि बसायचं. पंधरा मिनिटं काहीच होत नाही. नंतर वारकरी बदकं (ती खरं तर बदकं नव्हेत, पण गावात तसंच म्हणतात) पोहत पोहत जवळ येतात, त्यांच्या मागे हळदी-कुंकू बदकं, जांभळी पाणकोंबडी पाणकणसातून लांब बोटं टाकत बाहेर येते. तुम्ही पक्ष्याकडे गेलात तर तो मागे सरकतो. तुम्ही आधीच तिथे असाल तर तो तुम्हाला काठाचा भाग समजतो. सगळी मेख इथे आहे, आणि म्हणूनच ‘तीन तासांत चार पॉइंट’ असं वेळापत्रक असलेला वॉक मी कुणाला सुचवत नाही. दोन जागा पुष्कळ झाल्या.

बुकिंग करताना गटात किती जण हे विचारा. सहापर्यंत ठीक. पंधरा जणांचा गट म्हणजे सहल. तिथे सर्वांत पुढे असलेल्या माणसालाच पक्षी दिसतो आणि बाकीच्यांना उडालेला दिसतो. गाइडला आधीच सांगा की तुम्हाला यादी वाढवायची नाही, फोटो काढायचे आहेत. नाहीतर तो बिचारा तुम्हाला जास्तीत जास्त प्रजाती दाखवायच्या घाईत पळवत राहतो, कारण बहुतेक पाहुणे तेच मागतात. इथली बरीचशी गाइड मुलं शेतकरी घरांतली आहेत. भुवई बदक आणि चक्रांग यांतला फरक ते दुर्बीण न लावता सांगतात, पण कॅमेऱ्याचा शटर स्पीड काय ठेवायचा हे सगळ्यांनाच माहीत असेल असं नाही. ते तुम्ही घरून शिकून या. प्रवेश शुल्क, गाइडचे पैसे आणि वेळा वन विभागाच्या केंद्रावर निघण्याआधी विचारून घ्या. त्या बदलत राहतात.

शिकून यायचं ते फार नाही. बसलेल्या पक्ष्याला ३०० वर सेकंदाचा पाचशेवा भाग, उडत्याला दोन हजारावा. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) जितकं उघडतं तितकं उघडा. सकाळी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० गेला तरी घाबरू नका, दाणेदार फोटो साफ करता येतो, हललेला करता येत नाही. रॉ मध्ये, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये, काढा. पांढरे पक्षी, म्हणजे बगळे आणि चमचे, गडद पाण्यावर असतील तर एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली, नाहीतर पिसांच्या जागी कोरा कागद मिळतो. आकाशातल्या बदकांना उलट एक स्टॉप वर. मिररलेस असेल आणि आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावणार असाल, तर उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे-तिकडे येऊ शकतात हे लक्षात ठेवा. बसलेल्यांसाठी ते उत्तम. आणि खाली बसा. मनोऱ्यावरून पक्षी मोजायला छान, पण फोटोत सगळे वरून दिसतात आणि मागे सपाट गढूळ पाणी येतं. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणला की मागचा काठ दूर जाऊन धूसर होतो. तांदूळ भरलेली छोटी कापडी पिशवी बांधावर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवा. ट्रायपॉडपेक्षा बरी.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पक्षी उडण्याआधी सांगतो. बदक चरायचं थांबतं आणि मान ताठ उभी करतं. मग आजूबाजूची दोन-चार माना वर करतात. मग सगळा थवा एका दिशेने, तुमच्यापासून दूर, न घाबरल्यासारखा पण न थांबता पोहायला लागतो. टिटवी डोकं खाली-वर झटकते. बगळा, घार हे अनेकदा उडण्याच्या क्षणभर आधी विष्ठा टाकतात. मान वर झाली की तुम्ही थांबायचं, आणि पोहणं सुरू झालं की मागे सरकायचं. पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो. थापटे, तलवार बदकं मध्य आशिया आणि त्याच्याही उत्तरेकडून येतात. परतीच्या प्रवासाची चरबी ते इथेच साठवतात. उठवलेला थवा म्हणजे त्या साठ्यातून केलेला खर्च. ‘एकदा उडवा ना, फ्लाइट शॉट हवाय’ असं गाइडला सांगणारे लोक मी पाहिले आहेत आणि नाइलाजाने टाळी वाजवणारे गाइडही. तसं कुणी करू लागलं तर स्पष्ट नाही म्हणा, पैसे तुम्ही दिलेले आहेत.

आणि उडवायची गरजही नसते. सकाळी कधीतरी दलदली भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर, पाणकणसावरून खालून खालून येतो आणि सगळं पाणी एकदम उठतं. तेव्हा तयार असायचं. भोवत्या लांबून दिसतो, गाइड बोट दाखवतो, तुमच्याकडे अर्धा मिनिट असतो. शटर स्पीड वाढवा, झूम जरा मागे घ्या, कारण थवा चौकटीत मावायला २०० पुरते, आणि भोवत्याकडे न बघता त्याच्या पुढे बसलेल्या बदकांवर कॅमेरा धरा.

नियमांचं फार लांबवत नाही. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत. घरट्यांचे फोटो काढायचे नाहीत आणि जागा समाजमाध्यमांवर टाकायच्या नाहीत. अभयारण्यात परवानगीशिवाय ड्रोन नको. बदकांना तो शिकारी पक्षीच वाटतो. पांढरे, भडक कपडे नकोत. गाडी बांधावर असेल तर ती उत्तम आडोसा आहे : इंजिन बंद, काच अर्धी खाली, दार उघडायचं नाही. कोळी बांधवांचे फोटो काढायचे असतील तर आधी विचारा. सकाळी जाळं ओढणाऱ्या माणसाला तुमच्या फोटोपेक्षा जाळ्याची चिंता असते.

पक्षी सोडून काही काढायचं असेल तर धुक्यातल्या सकाळी पाणकणसावरची, आठ पायांच्या कोळ्यांनी विणलेली, दव पडलेली जाळी बघा, उजेडाच्या विरुद्ध बाजूने. नाशिककडून वाहत आलेली जलपर्णीही काढा. ती सुंदर दिसते आणि पाण्याचं काय झालंय तेही सांगते. तिच्या पानांवर कमळपक्षी चालतात हा भाग निराळा.

डिसेंबर जमला नाही तर जानेवारी, फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा चालेल. मार्चपासून बदकं निघू लागतात. पावसाळ्यात पाहुणे नसतात, पण जांभळ्या पाणकोंबड्यांची पिल्लं तेव्हाच असतात. तेव्हा दुरूनच बघायचं.

थंडीतून परत आल्यावर कॅमेरा तसाच उबदार खोलीत उघडू नका, लेन्सवर आतून बाहेरून ओल धरते. बॅगेची चेन लावून ठेवा आणि तासाभराने उघडा.

मुलीला न्या. तिच्या हातात कॅमेरा नको, ८×४२ ची दुर्बीण द्या. १०×५० तिला जड होईल आणि हलेल. बसून राहण्याची तिची मर्यादा तासाभराची धरा, म्हणजे पहिल्या जागेनंतर तिला आणि सोबतच्या कुणाला तरी परत केंद्रावर पाठवता येईल असं गाइडशी आधीच ठरवा. खाऊची पिशवी कुरकुरीत आवाज न करणारी असावी. पहिल्या दिवशी तिला तीनच पक्षी ओळखायला सांगा : काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी, लाल लांब पायांचा शेकाट्या, आणि पाण्यावर एकाच जागी फडफडत थांबून सूर मारणारा कवड्या खंड्या. तिसरा दिसायला जरा वेळ लागतो, पण बंधाऱ्याच्या भिंतीजवळ थांबलात तर बहुधा दिसेल.